पहिल्या मालकाचं कार्ड

कुस्तिनाने लिंबू रंगाच्या रुमालाचं तेच टोक तिसऱ्यांदा इस्त्रीखाली घेतलं, तेव्हा मार्सुदीचा प्लग घासणारा हात थांबला. तो पडवीत, स्कूटरशेजारी लाकडी पाटावर बसला होता आणि उघड्या दारातून त्याला आतलं सगळं दिसत होतं. रुमालावर सुरकुती औषधालाही उरली नव्हती. तरी बाईचा हात त्यावरून फिरतच होता.

"एवढी इस्त्री कुणाच्या लग्नासाठी?" त्याने विचारलं.

"अहो, लग्न कुठलं आलंय. सोमवारी पाक सुदिब्योंकडे जायचंय. कार्ड आणायला. गाडीचा कर भरायची तारीख आली."

"कार्ड आणायला हा रुमाल लागतो?"

"मग काय उघड्या डोक्याने जाऊ?"

"तपकिरी आहे ना."

"तपकिरी बाजाराला," कुस्तिना म्हणाली आणि रुमालाची घडी घालून तिने तो निळ्या बाटिकच्या ब्लाउजवर ठेवला. म्हणजे ब्लाउजची इस्त्री त्याआधीच झाली होती. मार्सुदीने प्लग पुन्हा घासायला घेतला, पण आता तो प्लग घासत नव्हता, राग काढत होता.

आमच्याकडे जुनी गाडी विकत घेणं सोपं, तिच्यावर आपलं नाव चढवणं मात्र जिकिरीचं. मालकीच्या वहीत ज्याचं नाव, त्याचं अस्सल ओळखपत्र दाखवल्याशिवाय कचेरीत वर्षाचा कर घेत नाहीत. नाव बदलून घेण्याच्या भानगडीत कोण पडतो? त्यापेक्षा वर्षातून एकदा जुन्या मालकाचं दार वाजवायचं, काहीतरी गोडधोड पुढे ठेवायचं, कार्ड दोन दिवसांसाठी मागून आणायचं आणि काम झालं की परत नेऊन द्यायचं. सगळेच करतात. मार्सुदीची व्हेस्पा चार जणांच्या हातांतून फिरली होती, पण वहीत अजून एकच नाव होतं: सुदिब्यो हार्नोतो, सन १९७७.

अकरा वर्षांपूर्वी त्याने ती घेतली, तेव्हा तो जिल्ह्याच्या कचेरीत टंकलेखक होता. रजा मिळत नाही असं त्याने घरी सांगितलं होतं. खरं तर रजा त्याने मागितलीच नव्हती. "तूच बघ ते कार्डाचं," म्हणून तो मोकळा झाला. कुस्तिनाने बघितलं. दहा-बारा दिवसांत तिने हा सुदिब्यो कुठूनसा शोधून काढला आणि कार्ड आणून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून दर ऑगस्टला तिच्या दोन खेपा होत. एक कार्ड आणायला, एक परत द्यायला. जाताना तीन पुडांचा डबा गोडधोडाने भरून न्यायची आणि येताना उत्तम कातरलेल्या तंबाखूचा एक पुडा आणायची. "पाकनी दिलाय, तुमच्यासाठी," असं म्हणायची; वडीलधाऱ्याला म्हणतात तसं आदराने पाक. मार्सुदी तो पुडा शेजाऱ्याला देऊन टाकायचा.

कार्ड घरात असे ते दोन-तीन दिवस त्याला नकोसे होत. कुस्तिना ते काचेच्या कपाटात, कपबशांच्या पुढे उभं करून ठेवायची. असल्या फोटोंत भला माणूसही चोर दिसतो. हा सुदिब्यो मात्र कार्डावरही रुबाबात बसलेला. मागे वळवलेले रुपेरी केस, कोरलेली मिशी, आणि ओठांवर हसू आहे की नाही ते कळू नये इतकंच हसू. मार्सुदीचे स्वतःचे केस चाळिशीतच निरोप घेऊन गेले होते.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. आता दिवसभर घरीच, म्हणजे पडवीत, स्कूटरपाशी. आणि घरी असल्यामुळे ही तयारी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावी लागत होती. मागच्या ऑगस्टला तो म्हणाला होता, "आता मला वेळ आहे. मी जातो की." तर ही म्हणाली, "तुमची ओळख नाही, पाळख नाही. मीच जाते." वर आरशात बघून टाचणी सारखी केली. तेव्हापासून ती टाचणी मार्सुदीला टोचत होती.

म्हणून यंदा त्याने ठरवलं की वहीवर आपलं नाव चढवून घ्यायचं. कार्डही नको, रुमालही नको, सोमवारही नको. त्यासाठी एकच कागद लागत होता: मुद्रांक चिकटवलेली विक्रीची पावती आणि त्यावर सुदिब्यो हार्नोतोची सही. पावती त्याने स्वतः टाइप केली, आणि तीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती इतकी नीट टाइप केली. आता सही घ्यायची आणि कागद बायकोच्या पुढ्यात ठेवायचा. "घे. आता तुला जायची गरज नाही." हे वाक्य त्याने तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं होतं.

अडचण एवढीच होती की माणूस राहतो कुठे ते त्याला माहीत नव्हतं. वहीत आणि कार्डावर मागलांगचा पत्ता होता. गुरुवारी तो तिथे जाऊन आला. त्या जागी मोबाइलचं दुकान होतं आणि दुकानातल्या मुलीने आम्हाला सहा वर्षं झाली, आमच्याआधी शेवयांचा गाडा होता, एवढं सांगून हात वर केले. बायकोला विचारणं सोपं होतं. मागे एकदा सहज विचारल्यासारखं विचारलंही होतं, तर म्हणाली, "वर, पाराकानच्या पुढं. तुम्हाला नाही सापडायचं." पुन्हा विचारायला जीभ रेटेना. विचारलं की आपल्या पोटात दुखतंय हे तिला कळणार.

राहिला एकच मार्ग. ज्याच्याकडून आपण घेतली त्याला गाठायचं, त्याने ज्याच्याकडून घेतली त्याला गाठायचं, असं करत मागे मागे जायचं.

शनिवारी सकाळी त्याने स्कूटर काढली. "स्कूटर क्लबची राइड आहे," असं म्हणाला. कुस्तिना तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. कुठे, कधी येणार, कोण कोण आहे, काही नाही. नवरा कुठे जातो ते हिला विचारावंसंही वाटत नाही, याची नोंद करून तो अंबारावाच्या रस्त्याला लागला.

*

रिस्तान्तोने त्याला स्कूटर विकली तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. आता त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि पोट काउंटरला टेकत होतं. त्याने आधी स्कूटरला ओळखलं, मग मार्सुदीला.

"पाक, अजून चालते ही? मला वाटलं भंगारात गेली असेल. कसं काय येणं केलंत?"

"तू कुणाकडून घेतली होतीस ते हवंय."

रिस्तान्तो हसला. "हे तर बू कुसनी तेव्हाच विचारून नेलं की."

"कुणी?"

"तुमच्या घरच्यांनी. बू कुस." त्याने झेरॉक्सचं झाकण लावलं. "माझी परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, मला नाही आठवत. टाळतच होतो खरं तर. तर त्या तिथं बाकावर बसल्या. म्हणाल्या, आठवेल तोपर्यंत बसते, मला घाई नाही. दुपार झाली. मग आई बाहेर आली, दोघींच्या गप्पा लागल्या. काय बोलत होत्या देव जाणे, आई पोट धरधरून हसत होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा हसली ती. शेवटी आईलाच आठवलं, मुंतिलानचे पाक जुमेरी, दगडाचं काम करणारे. आई अजून विचारते हो, त्या बू कुस कशा आहेत?"

"बरी आहे," मार्सुदी म्हणाला.

तिला कुस म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. तो तिला बू, म्हणजे आई, म्हणायचा, मुलं झाल्यापासून. आणि पोट धरून हसवण्यासारखं ती काय बोलते? घरात तर भात वाढू का आणि वीजबिल आलं, यापलीकडे दोघांचं बोलणं जात नव्हतं. झेरॉक्सवाल्याच्या आईसाठी हिच्याकडे दुपारभर विनोद आणि नवऱ्यासाठी वीजबिल! स्कूटरला किक मारताना त्याने गरजेपेक्षा जास्त जोर लावला.

मुंतिलानला पोचेपर्यंत उन्हं चढली होती. जुमेरी रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत, अर्धवट घडलेल्या पाट्या-वरवंट्यांच्या आणि बुद्धाच्या मुंडक्यांच्या मधोमध बसला होता. वय सत्तरीच्या पुढचं, पण हातोडीचा ठोका तरण्या माणसाचा. मार्सुदीने आपण कोण ते सांगितलं, तेव्हा त्याने छिन्नी खाली ठेवून त्याला नीट निरखलं.

"म्हणजे त्या बाईंचे मालक तुम्ही."

"तुम्हालाही भेटली होती ती?"

"भेटली होती म्हणजे? ह्याच गाडीवर बसून आली होती की."

"ती बसने आली असेल," मार्सुदी म्हणाला. "तिला चालवता येत नाही."

जुमेरीने अंगावरची दगडाची भुकटी झटकली. "मग दुसरी कोणी असेल. निळा ब्लाउज, गालाला खळी. मी म्हटलं, बाई, ही गाडी फार हट्टी, माझ्या बाच्यानं वळत नव्हती. तर म्हणाली, मलाही आठवडा लागला. परत निघाली तर सुरू होईना. माझी पोरं उठली ढकलायला. तर म्हणाली, थांबा, आणि प्लग काढला, पदराला पुसावा तसा पुसला रुमालाला, परत बसवला आणि गेली की फुर्रकन."

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टात क्लच सारखा घसरत होता आणि मार्सुदीने त्यापायी मेकॅनिकशी कायमचं भांडण केलं होतं, हे त्याला आत्ता उन्हात उभं असताना आठवलं. आपण कचेरीत टाइप करत होतो आणि ही बाई आपल्या गाडीवरून जिल्हे पालथे घालत होती. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर आपण काय म्हटलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. गाडीला हात लावायचा नाही, असं म्हटलं असतं.

"तुम्हाला ही कुणी विकली?" त्याने विचारलं.

"खुद्द पाक सुदिब्योंनी. शेतकी खात्यातला साहेब. काय माणूस होता! ह्या गाडीवर पांढराशुभ्र शर्ट घालून डोंगर चढायचा, तर वरच्या गावांतल्या बाया तंबाखूची पानं टाकून कुंपणाला यायच्या. बोलणं गोड. कुणाशी बोलला की त्या माणसाला वाटावं, जगात आपणच एक आहोत." जुमेरीने मार्सुदीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला गंमत वाटू लागली. "तुमच्या बाई जातात होय अजून तिकडं?"

"वर्षातून दोनदा."

"अकरा वर्षं?"

"कार्ड आणायला."

"हां, हां. कार्ड आणायला," जुमेरी म्हणाला आणि छिन्नी उचलली. "आणि तुम्ही घरी गाडी पुसत बसता. बरंय. कुणीतरी घरी असावं."

मार्सुदीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पत्ता मिळायचा होता. जुमेरीने तो दिला. पाराकानच्या वर, मशिदीच्या मागे, बायकोच्या माहेरच्या जमिनीवर घर बांधून राहिलेत. आपण मात्र बऱ्याच वर्षांत तिकडे गेलो नाही, असंही म्हणाला.

घरी परतल्यावर कुस्तिनाने भात वाढला. तो तिच्या हातांकडे बघत जेवला. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ भाजल्याचा एक जुना डाग होता. तो कढईचा असणार असं त्याने इतकी वर्षं धरून चाललं होतं. आता तो सायलेन्सरचाही असू शकत होता.

"राइड कशी झाली?" असं तिने विचारलं असतं तर कदाचित तो फुटला असता. तिने विचारलं, "अजून भात?"

*

रविवारी पाराकानच्या चढावर स्कूटर दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, अंगणांत, पायऱ्यांवर, मशिदीच्या पटांगणातसुद्धा कातरलेली तंबाखू बांबूच्या तट्ट्यांवर वाळत पडली होती. हवेतच इतका तिखट वास की डोळे चुरचुरत. मार्सुदीने मशिदीपाशी थांबून केसांच्या जागी कंगवा फिरवला, शर्ट खोचला, खिशातली पावती चाचपली. सुदिब्यो समोर आला की नमस्कार करायचा, पण वाकायचं नाही. कामाचं बोलायचं, चहाला थांबायचं नाही. आणि निघताना, अगदी सहज, म्हणायचं: आता आमच्या घरच्यांना त्रास पडणार नाही.

घरापुढे एक म्हातारी तट्टा उलटवत होती. लांबी तिच्या दोन्ही हातांच्या कवेपेक्षा मोठी, तरी तिने तो एका झटक्यात पालथा केला. मग वर पाहिलं. मार्सुदीकडे नाही, स्कूटरकडे. हात लुगड्याला पुसत ती जवळ आली आणि तिने हेडलाइटवर तळवा ठेवला.

"तापलीय," ती म्हणाली. "ह्या चढाला नेहमी तापायची. तुम्ही कुसचे मालक ना? पाक मार्सुदी?"

"हो. पाक सुदिब्यो आहेत का घरात?"

म्हातारीने हात काढून घेतला. मग म्हणाली, "बसा. मी मुर्सिया. चहा टाकते."

"चहा नको. त्यांच्याकडे जरा काम होतं."

"बसा," ती पुन्हा म्हणाली, तेव्हा तो बसला.

चहा आला, सोबत उकडलेली केळी आली. मुर्सिया समोरच्या बाकावर बसली आणि मांडीवर हात ठेवून सरळ बोलली.

"ते गेले. चार वर्षं झाली. झोपेतच गेले."

मार्सुदीच्या मनात पहिली गोष्ट आली ती आनंद. लाज वाटावी असा, उघडानागडा आनंद. गेला! रुपेरी केसांसकट, मिशीसकट गेला. त्याने घाईने मान खाली घातली, जे म्हणायचं असतं ते म्हटलं, आणि चहाचा घोट घेतला. मग त्याच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. चार वर्षं. म्हणजे आठ खेपा. आठ वेळा इस्त्री, आठ वेळा डबा.

"पण कार्ड तर..."

"मी देते. माणूस गेला की कार्ड जमा करायचं असतं, मला ठाऊक आहे. सरपंच दोनदा सांगून गेला. मी म्हटलं, सापडत नाही." ती तट्ट्यांकडे बघत होती. "कार्ड जमा केलं तर कुस कशाला येईल? माझी मुलगी सुमात्रात. ती येते तिसऱ्या वर्षाला. कुस वर्षातून दोनदा येते. सकाळी नऊला येते, बाराच्या आत निघाली असं एकदा झालं नाही. माझ्याबरोबर तंबाखू उलटवते. मागच्या वर्षी माझे केस धुऊन दिले तिने, माझा खांदा धरला होता म्हणून. तुमच्यासाठी पुडा देते मी, तो बरा असतो ना? पहिल्या खुडणीचा नसतो, मुद्दाम वरच्या पानांचा देते."

"चांगला असतो," मार्सुदी म्हणाला.

"ते होते तेव्हाही ती माझ्याचकडे यायची. त्यांना ती म्हणजे, अरे, आली का व्हेस्पावाली, इतकंच. ते आपले पेपर वाचत बसायचे."

मार्सुदीने कप खाली ठेवला. कपाचा बशीवर आवाज झाला. "तिने मला का नाही सांगितलं?"

मुर्सिया उठली. आत जाऊन पाणी आणलं, त्याच्यापुढे ठेवलं, पुन्हा बसली.

"मीही विचारलं होतं तिला. म्हटलं, सांग की नवऱ्याला, लपवण्यासारखं काय आहे त्यात? तर हसायला लागली. म्हणाली, बू, हा एक आठवडा आमच्या घरात मला कोणीतरी विचारतं, कुठं चाललीस, काय घालणार, किती वाजता येशील. म्हणाली, दारातून बघत असतात, मला कळतं. पाक गेले हे समजलं की तेही बंद होईल." मुर्सियाने पदराने कपाळ पुसलं. "म्हणाली, तुमच्या घरून गेले ते गेले, माझ्या घरी राहू द्या त्यांना."

अंगणात कोंबडी तट्ट्याखाली शिरली. म्हातारीने बसल्या बसल्याच तिला हाकललं. मार्सुदीने काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारतो हो तिला इतर वेळीही, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं. मग त्याने इतर वेळी शेवटचं काय विचारलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. पकड कुठे ठेवलीस, हे.

"तुमचं काय काम होतं?" मुर्सियाने विचारलं. तिची नजर त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदावर होती. "नाव बदलायचं असेल तर सही लागेल ना? त्यांची सही मला येते. शेवटची दोन वर्षं त्यांचा हात थरथरायचा, तेव्हा मीच करायचे. द्या इकडं."

तिने खरंच हात पुढे केला. दिली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मार्सुदीने कागद खिशात आणखी खोल सरकवला.

"नाही, नाही. तसं काही नाही. इकडून चाललो होतो. म्हटलं, बघावं पहिल्या मालकांचं घर."

"बरं." तिने हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावरून कसलं तरी ओझं उतरल्यासारखं वाटलं. "तुम्ही आलात हे सांगू का उद्या कुसला?"

"नको."

"बरं," मुर्सिया म्हणाली. "मग ही केळी तरी खा."

त्याने केळी खाल्ली. दोन खाल्ली. त्यानंतर त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि न विचारताच तिच्याबरोबर ओळीतले उरलेले तट्टे उलटवू लागला. त्याला ते नीट जमलं नाही. एक तट्टा अर्ध्यात सांडला. मुर्सिया म्हणाली, "कुसलाही पहिल्या वर्षी नव्हतं जमलं," आणि सांडलेली तंबाखू दोघांनी मिळून गोळा केली.

*

तो घरी आला तेव्हा चार वाजले होते. कुस्तिना शेगडीपाशी उभी राहून वाजिक ढवळत होती. ताडगूळ आणि नारळाचं दूध आटून त्यात चिकट तांदूळ मिळून येत होता आणि पळी आता जड चालत होती. एरवी तो परस्पर पडवीत गेला असता. आज त्याने हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला. तिने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागली.

"अंगाला तंबाखूचा वास येतोय तुमच्या," ती म्हणाली.

"क्लबातले ओढतात," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "उद्या किती वाजता निघणार?"

"सातच्या बसने."

"येणार कधी?"

"चार होतील."

"कार्ड द्यायला घ्यायला चार वाजतात?"

तिच्या गालाला बारीकशी खळी पडली. पाठमोरी असली तरी बाजूने ती त्याला दिसली. "बोलणं होतं की. एवढ्या लांब जाऊन लगेच उठायचं का?"

"अजून तसेच ताठ चालतात का ते?"

"तर," कुस्तिना म्हणाली. पळी एका लयीत फिरत होती. "मागच्या वेळी फाटकापर्यंत आले सोडायला. बस दिसेपर्यंत उभे होते. मी म्हटलं, आत जा, ऊन लागेल. तर ऐकतील तर शपथ."

चार वर्षं मातीखाली असलेला माणूस फाटकापर्यंत आला आणि बस दिसेपर्यंत उन्हात उभा राहिला. हे सगळं खोटं आहे हे मार्सुदीला माहीत होतं. खात्रीनं माहीत होतं. तरी त्याच्या छातीत अकरा वर्षांची ती जुनी आग भडकली ती भडकलीच, आणि आवाज कडवट करायला त्याला काडीचंही नाटक करावं लागलं नाही.

"आणि काय म्हणतात तुझ्याबद्दल?"

पळी थांबली. हा प्रश्न त्याने आजवर कधी विचारला नव्हता. मार्सुदीला तिचा फक्त खांदा दिसत होता. ती भांड्यात बघत राहिली. खाली करपत असेल याचं तिला भान नव्हतं. ती शोधत होती. कुणीतरी कधीतरी आपल्याला काय म्हटलं असेल, ते नाही. कुणी काय म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, ते.

"म्हणतात," ती हळू म्हणाली, "तुम्ही आलात की घराला जाग येते."

बाहेर शेजाऱ्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मार्सुदी उंबऱ्यात बसून होता. त्याच्या बोटांना अजून तंबाखूचा चिकटा होता.

"खरं बोलतात ते," तो म्हणाला.

कुस्तिनाने पळी तशीच हातात धरली आणि ती त्याच्याकडे वळली.